बेणे थकते म्हणजे काय?

पुण्याहून सोलापूरकडे निघाले आणि इंदापूर मागे टाकून भीमेचा पूल ओलांडला, की थोड्याच वेळात टेंभुर्णी येते. प्रवाशांच्या लेखी हे फाट्यांचे गाव. एक रस्ता पंढरपूरला, एक कुर्डुवाडीवरून बार्शीकडे, एक करमाळ्यामार्गे नगरकडे. आम्हीही अनेक वर्षे येथे चहापुरतेच थांबत आलो. मागच्या हिवाळ्यात मात्र एका स्नेह्यांच्या आग्रहामुळे दोन दिवस मुक्काम घडला, आणि त्यांच्या शेजारच्या शेताच्या बांधावर एका वृद्ध शेतकऱ्याशी बोलणे झाले. त्यांच्या फडाची तोडणी होऊन काही आठवडे लोटले होते आणि खोडव्याला फुटवे येऊ लागले होते. ते फुटवे पाहत ते म्हणाले, "बेणं थकलंय. लावणीला कसंबसं येतं, खोडव्याला नुसतं गवत. बारा वर्षं हेच बेणं फिरवतोय, आता त्याच्यात दम न्हाई राहिला." मग जरा थांबून, "तुम्ही शिकलेली माणसं. सांगा बरं, ऊस म्हातारा होतो का?"

'आबा, विचारून सांगतो,' असे म्हणून आम्ही तेव्हा वेळ मारून नेली. पुढे विचारपूस करू लागलो तेव्हा कळले, की हा प्रश्न दोनशेहून अधिक वर्षे जुना आहे आणि त्याचे उत्तर देताना जीवशास्त्रातील काही फार मोठी माणसे चुकली आहेत. पेशी वाढते, दुभंगते, तिच्या दोन होतात, त्या पुन्हा वाढतात आणि पुन्हा दुभंगतात. या साखळीला शेवट आहे की नाही, एवढाच तो प्रश्न. बांधावर तो 'दम' या शब्दात विचारला जातो, प्रयोगशाळेत वेगळ्या शब्दांत.

प्रथम टेंभुर्णीविषयी. माढा आणि करमाळा हा मुळात ज्वारीचा मुलूख. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी या जिल्ह्याची ओळख होती आणि पुष्कळ अंशी अजूनही आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, आणि पाणी जिथे जिथे पोचले तिथे ज्वारी मागे सरून ऊस आला. माढा तालुक्यात आज सहकारी आणि खाजगी कारखान्यांची धुराडी दिसतात. अलीकडे केळीनेही या भागात मोठे बस्तान बसवले असून टेंभुर्णी आणि शेजारच्या कंदर परिसरातून परदेशी केळी जाते. या बदलाचे अर्थकारण आणि पाण्याचे राजकारण यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे त्याच्या एका वेगळ्या अंगाकडे लक्ष वेधायचे आहे. ज्वारी बियांपासून येते. ऊस आणि केळी बियांपासून येत नाहीत. उजनीच्या पाण्याने हा मुलूख बियाण्याच्या शेतीतून बेण्याच्या शेतीत नेला, आणि या दोहोंत काय अंतर आहे हे त्या वेळी कोणी कोणाला समजावून सांगितल्याचे ऐकिवात नाही.

उसाचे बेणे म्हणजे उसाचेच तुकडे. दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली, की डोळ्यातून कोंब आणि कांड्यावरच्या ठिपक्यांतून मुळे फुटतात. उसाला तुरा येतो, पण आपल्या हवेत त्यात रुजण्याजोगे बी क्वचितच धरते, आणि तुरा आला की शेतकरी आनंदत नाही, उलट साखर उतरेल म्हणून धास्तावतो. बियांपासून नवी रोपे काढण्याचे काम मुख्यतः कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत होते. टेंभुर्णीच्या परिसरात गेली पंचवीसेक वर्षे ज्याचा बोलबाला आहे तो को ८६०३२ हा वाण तिथलाच. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून तो निघाला आणि महाराष्ट्रात 'नीरा' या नावाने ओळखला गेला. क्रमांकातील ८६ हे निवडीच्या वर्षाचे दर्शक आहे. म्हणजे कोइमतूरला एके काळी एक रोप उगवले. पुढे कोल्हापूरपासून माढ्यापर्यंत लक्षावधी एकरांवर जो को ८६०३२ उभा राहिला, तो सारा त्या एका रोपाचाच वाढलेला देह आहे. मुलगा, नातू, पणतू अशी पिढी तिथे नाहीच. एक झाड तुकड्या-तुकड्यांनी चालत गेले आहे, एवढेच.

हे चालणे ज्या क्रियेने होते तिला आपली पाठ्यपुस्तके 'सूत्री विभाजन' म्हणतात. विश्वकोशात पेशीला 'कोशिका' म्हटले आहे आणि शाळेत 'पेशी', त्यामुळे मराठीत या विषयावर वाचणाऱ्याला दोन परिभाषांचे जोखड वाहावे लागते. आम्ही शाळेतली परिभाषा वापरतो, कारण ती तोंडी रुळली आहे. 'सूत्री' हा शब्द मात्र सुरेख जमला आहे. मूळ जर्मन संज्ञा ग्रीक भाषेतील 'सूत', 'धागा' या अर्थाच्या शब्दावरून घडवली गेली, आणि आपले 'सूत्र'ही तोच धागा.

उसाचा डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर टोकाशी अगदी लहान, दाट रसाच्या पेशींचा पुंजका दिसतो. त्यांचे काम एकच, वाढणे आणि दुभंगणे. प्रत्येकीच्या केंद्रकात शंभरावर गुणसूत्रे असतात. (तुलनेसाठी, ज्वारीत २०, कांद्यात १६ आणि माणसात ४६.) दुभंगण्याआधी पेशी या प्रत्येक गुणसूत्राची प्रत काढते. हे काम केंद्रकाच्या आत गुपचूप चालते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग गुणसूत्रे आखडून जाड होतात. ही पूर्वावस्था. नंतर ती पेशीच्या मधल्या पातळीवर ओळीने येतात, मूळ आणि प्रत अजून चिकटलेली. ही मध्यावस्था. मग दोन्ही टोकांकडून तंतूंची ओढ बसते, जोड्या सुटतात आणि एक-एक संच एकेका टोकाकडे जातो. शेवटी दोन केंद्रके बनतात, आणि वनस्पतीत त्यांच्यामध्ये आतून बाहेर अशी एक नवी भिंत रचली जाते. हे सारे एक-दोन तासांत उरकते. त्याच्या आधीची तयारी मात्र बरीच लांबते. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी किरणोत्सारी फॉस्फरस वापरून घोडेवालाच्या जातीतील एका शेंगवर्गीय झाडाच्या मुळांवर प्रयोग केले, तेव्हा एक पूर्ण फेरा सुमारे ३० तासांचा भरला आणि प्रत काढण्याचे काम त्यातल्या एका ठरावीक टप्प्यातच होते असे दिसून आले. तोपर्यंत दोन विभाजनांच्या मधल्या काळाला 'विश्रांतीची अवस्था' म्हणत. ज्या काळात पेशी सर्वांत जास्त राबते त्यालाच विश्रांती म्हटले गेले, कारण तेव्हा सूक्ष्मदर्शकात हालचाल दिसत नाही.

दुभंगून झालेल्या पेशींपैकी टोकाशी राहणाऱ्या पुन्हा दुभंगतात. खाली राहणाऱ्या पाणी पिऊन ताणल्या जातात, आणि कांडे लांबते ते मुख्यतः या ताणण्याने. उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की कांडी आखूड राहतात ती यामुळेच. हे शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक असते.

आता त्या जुन्या प्रश्नाकडे. इंग्लंडमधील हेरफोर्डशर परगण्यात सफरचंदाच्या दारूसाठी नावाजलेल्या जुन्या जाती अठराव्या शतकाच्या अखेरीस खंगू लागल्या होत्या. सफरचंदही आपल्या हापूसप्रमाणे कलमानेच टिकवायचे. थॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या जमीनदार बागायतदाराने १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला निष्कर्ष मांडला. कलम हे नवे झाड नव्हेच, ते जुन्या झाडाचेच अंग असते. म्हणून मूळ झाडाचे आयुष्य संपत आले की त्याची सारी कलमे, ती कोठेही असोत, एकदमच म्हातारी होतात. त्याचा उपाय एकच होता, बियांपासून नवी जात काढा. त्याने स्वतः तशा जाती काढल्या, त्या जोमदार निघाल्या, आणि त्याचा सिद्धांत सिद्ध झाल्यासारखा वाटला. टेंभुर्णीच्या बांधावर आम्ही ऐकले ते नाइटचेच प्रतिपादन होते, निराळ्या भाषेत.

नाइटने हे लिहिले तेव्हा झाड वाढते म्हणजे नेमके काय होते हे कोणालाच माहीत नव्हते. ह्यूगो फॉन मोल याने १८३५ साली एका हिरव्या शेवाळात पेशीच्या मध्ये भिंत उभी राहून एकीच्या दोन होताना पाहिल्या. पण १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी पेशी-सिद्धांत मांडला तेव्हा या निरीक्षणाला महत्त्व मिळाले नाही. त्यांच्या मते नव्या पेशी एका पोषक द्रवातून स्फटिकासारख्या साकळत. ही समजूत खरी असती तर नाइटच्या प्रश्नाला अर्थच उरला नसता. जी पेशी द्रवातून कोरी जन्मते ती म्हातारी कशी असेल? रोबेर्ट रेमाक याने कोंबडीच्या आणि बेडकाच्या गर्भांवर अनेक वर्षे काम करून ती समजूत खोडली आणि पेशी फक्त पेशीच्या विभाजनानेच होते असे ठामपणे सांगितले. रेमाक ज्यू होता आणि प्रशियात त्याला पूर्ण प्राध्यापकपद कधीच मिळाले नाही. 'प्रत्येक पेशी पेशीपासून' हे लॅटिन सूत्र मात्र १८५५ पासून रुडोल्फ फिर्खोच्या नावावर चालले. आमच्या मते हा अन्याय आहे, पण तो येथे सोडून देऊ.

या सूत्राने प्रश्न एकदम धारदार झाला. आज जिवंत असलेली प्रत्येक पेशी अखंड विभाजनांच्या साखळीचे टोक आहे. मग साखळी जुनी होते, की प्रत्येक कडी नवी असते?

याचे उत्तर शोधायचे तर विभाजनात काय वाटले जाते हे दिसायला हवे होते. पेशी पारदर्शक असते आणि रंगवल्याशिवाय तिच्यातले काही दिसत नाही. विल्यम पर्किनने १८५६ साली दगडी कोळशाच्या डांबरातून पहिला कृत्रिम रंग काढला आणि पुढील पंचवीस वर्षांत कापड रंगवण्याच्या त्या धंद्याने सूक्ष्मदर्शकाला त्याचे डोळे दिले. कील येथे प्राध्यापक असलेल्या वाल्टर फ्लेमिंगने हे रंग सॅलमँडरच्या पिल्लांच्या कल्ल्यांवर आणि परांवर वापरले. या प्राण्याच्या पेशी आणि गुणसूत्रे मोठी असतात, म्हणून त्याची निवड. १८८२ सालच्या ग्रंथात त्याने धाग्यांचे आखडणे, ओळ धरणे आणि विलग होणे टप्प्याटप्प्याने चितारले आणि क्रियेला ते धाग्याचे नाव दिले. त्याचे सर्वांत मोलाचे निरीक्षण असे, की धागे आडवे तुटत नाहीत, ते लांबीच्या बाजूने उभे चिरले जातात. पुढच्याच वर्षी विल्हेल्म रू याने विचारले, की नुसते दोन भागच करायचे तर केंद्रक मधून चिमटून काम भागले असते, मग एवढा खटाटोप कशासाठी? त्याने स्वतःच उत्तर दिले. धाग्याच्या लांबीभर निरनिराळे गुण ओवलेले असले, आणि दोन्ही लेकींना ते सगळेच्या सगळे मिळायचे असले, तर उभे चिरण्यावाचून गत्यंतर नाही. मेंडेलचा निबंध तेव्हा कोणी वाचत नव्हते. तरीही रू याने केवळ चित्रे पाहून त्याचा अर्थ ओळखला.

म्हणजे वाटणी पुरेपूर आहे, लेक आईपेक्षा तिळमात्र उणी नाही. तरीही क्षमता झिजू शकते. आउगुस्ट वाइसमान याने १८८१ च्या व्याख्यानात सुचवले होते, की शरीराच्या पेशींची दुभंगण्याची शक्तीच मर्यादित असावी आणि म्हणून म्हातारपण येत असावे. हा निव्वळ तर्क होता. त्याला खोडून काढण्यासाठी पुढे आलेला प्रयोग गाजला तो असा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कारेल याने जानेवारी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. त्याच वर्षी त्याला रक्तवाहिन्या शिवण्याच्या कामासाठी नोबेल मिळाले होते, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. त्याचे साहाय्यक ती पेशीसंतती पोसत राहिले. कारेल १९४४ साली वारला आणि संवर्धन १९४६ पर्यंत चालू होते, म्हणजे ३४ वर्षे. कोणतीही कोंबडी एवढी जगत नाही. पेशी अमर आहेत आणि मरते ते शरीर, अशी समजूत दोन पिढ्या पाठ्यपुस्तकांत नांदली.

ती मोडली १९६१ साली. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांना दिसले, की माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा दुभंगून थांबतात. पात्रातच काही बिघाड असेल ही शंका फेडण्यासाठी त्यांनी पुष्कळ दुभंगलेल्या पुरुषपेशी आणि कोवळ्या स्त्रीपेशी एकाच पात्रात मिसळल्या. काही काळाने स्त्रीपेशी तेवढ्या उरल्या. म्हणजे मोजदाद पेशीच्या आतच होती. कारेलचे निष्कर्ष कोणालाच पुन्हा मिळवता आले नाहीत, आणि पोषणासाठी रोज घातल्या जाणाऱ्या गर्भरसातून ताज्या पेशीच पात्रात जात असाव्यात असा संशय आज घेतला जातो. हेफ्लिकच्या मोजदादीचे रहस्य गुणसूत्रांच्या टोकांत सापडले. प्रत काढताना टोक दर वेळी थोडेसे अपुरे राहते, हे अलेक्सेइ ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१ मध्ये मॉस्कोत तर्काने सांगितले. टोक पुन्हा भरून काढणारे वितंचक एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांना १९८० च्या दशकात मिळाले. २००९ च्या नोबेलमध्ये या दोघींबरोबर जॅक शॉस्टाक होते.

एवढे वाचून झाल्यावर आम्हांस क्षणभर वाटले, की आबांचे आणि नाइटचे बरोबर आहे. बारा वर्षे फिरवलेल्या बेण्यातले विभाजन मोजून संपले असेल. परंतु हेफ्लिकची मर्यादा माणसाच्या सामान्य शरीरपेशींची आहे. झाडाचा हिशेब निराळा. प्राण्यात प्रजननाच्या पेशी लवकर वेगळ्या काढून ठेवल्या जातात आणि बाकीचे शरीर खर्चाच्या खात्यात जाते. झाडात असा विभाग नाही. उसाचा जो कोंब पाने आणि कांडी देतो तोच पुढे तुराही देतो. त्याच्या टोकाच्या पेशींत गुणसूत्रांची टोके भरून काढणारे ते वितंचक चालूच असते. कारेलच्याच रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन शाखेत फिलिप व्हाइट याने १९३४ मध्ये टोमॅटोच्या मुळांची टोके कापून नव्या द्रवात, पुन्हा कापून पुन्हा नव्या द्रवात अशी वाढवली आणि ती थकली नाहीत. त्याचा प्रयोग इतरांना करता आला. एकाच संस्थेतील दोन दाव्यांपैकी जगभर गाजलेला खोटा ठरला आणि मुळांचा, ज्याचे फारसे कोणाला कौतुक नव्हते, तो टिकला.

मग खोडव्याचे गवत का झाले? नाइटची निरीक्षणे खोटी नव्हती, कलमे खरोखरच खंगत होती. याचा उलगडा ज्या पिकांनी केला त्यांत ऊस अग्रभागी आहे. जावा बेटावर १८८० च्या दशकात उसाचा एक रोग पसरला. कांडी वाढेनात आणि बेट गवतासारखे दिसू लागे. तेथील भाषेत गवती चहाला 'सेरेह' म्हणतात, त्यावरून रोगाचे नाव 'सेरेह' पडले. शतकानुशतके कांड्यांनी लावल्यामुळे ऊस थकला आहे, असे तेव्हाही पुष्कळांनी म्हटले. उसाला बी येतच नाही असाही समज होता. तो १८८७-८८ च्या सुमारास जावात आणि बार्बाडोसमध्ये, एकमेकांशी संबंध नसताना, दूर झाला आणि नवे वाण काढण्याचे युग सुरू झाले. आपल्याकडे कोइमतूरचे केंद्र १९१२ चे आणि पाडेगावचे १९३२ चे. पण खेराडा विल्ब्रिंक या डच संशोधिकेने १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेली गोष्ट आमच्या प्रश्नासाठी त्याहून बोलकी आहे. सेरेहग्रस्त बेणे गरम पाण्यात ठरावीक वेळ बुडवून लावले, तर ऊस पुन्हा निरोगी वाढतो. म्हातारपण असते तर ते गरम पाण्याने गेले नसते.

बटाट्याचेही तसेच. 'बटाट्याचे वाण उतरते' ही युरोपभरची तक्रार होती आणि तिची कारणे विषाणू आहेत, हे हॉलंडमध्ये क्वान्यर आदींच्या कामातून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्पष्ट झाले. उसाच्या बाबतीत तर एक प्रकरण आपल्याच दारात घडले. १९४९ साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूर परिसरात उसाची बेटे बारीक, पांढरट फुटव्यांनी भरलेली आढळली. त्याला 'गवताळ वाढ' म्हणतात. भारतात या रोगाची पहिली नोंद तीच. त्याचा कारक, भिंत नसलेला अतिसूक्ष्म जंतू, हा वर्गच विज्ञानाला १९६७ पर्यंत ठाऊक नव्हता. तो उसाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि टिपरीबरोबर पुढच्या लावणीत जातो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये १९४४-४५ च्या सुमारास लक्षात आलेला रोग याहून कावेबाज निघाला. वरून काहीच दिसत नाही. पानावर डाग नाही, कोंब वाळत नाही. ऊस फक्त खुजा राहतो, लावणीत थोडा आणि खोडव्यात जास्त, आणि शेतकरी म्हणतो वाण उतरले. याचा जंतू पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो. तो १९७३ मध्ये प्रथम सूक्ष्मदर्शकात दिसला. एका उसातून दुसऱ्या उसात तो जातो तो बहुतांशी कोयत्याच्या पात्यावरून.

येथे ज्वारीचा मुद्दा पुन्हा घ्यायला हवा. बी धरते तेव्हा दोन गोष्टी घडतात. गुणसूत्रांची नवी जुळणी होते, ही सर्वांना माहीत असलेली. दुसरी फारशी बोलली जात नाही. झाडाच्या अंगातले बहुतेक विषाणू आणि असले जंतू बियांत शिरू शकत नाहीत. (अपवाद आहेत, पण ते अपवादच.) म्हणजे बी ही एक गाळणी आहे. ज्वारीचे बियाणे कणगीत ठेवून वर्षानुवर्षे पेरणाऱ्या माढ्यातल्या घरांना ही गाळणी फुकट मिळत होती आणि ती आहे हे त्यांना कळण्याचे काही कारण नव्हते. उजनीनंतर त्याच घरांनी ऊस लावला आणि आपल्याच रानातले बेणे त्याच विश्वासाने फिरवले. नाइटची बियांपासून काढलेली सफरचंदे जोमदार निघाली त्याचेही पुष्कळसे श्रेय या गाळणीलाच द्यावे लागेल. त्याचा उपाय बरोबर होता आणि कारण चुकले होते.

गाळणीची उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग आज टेंभुर्णीच्या आवाक्यात आहेत. एक उष्णतेचा. बेणेमळ्यासाठीच्या टिपऱ्यांना सुमारे ५४ अंश सेल्सिअसच्या दमट गरम हवेत अडीच तास ठेवतात. ऊस ते सोसतो, जंतू सोसत नाही. त्यापासून मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित असे तीन टप्प्यांचे बेणे तयार होते आणि दर तीन-चार वर्षांनी बेणे बदला असा सल्ला संशोधन केंद्रे देतात. दुसरा मार्ग थेट त्या टोकाच्या पुंजक्याचा. फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये विषाणूग्रस्त डेलियाच्या कोंबाचे अगदी शेंडीचे टोक काढून वाढवले आणि निरोगी झाड मिळवले. तिथे वाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात आणि विषाणू सहसा पोचत नाही. ऊतिसंवर्धन या नावाने आपण ओळखतो ते तंत्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने महाराष्ट्रात रुजवले.

या तंत्राचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ऊस नव्हे, केळी. टेंभुर्णी-कंदरच्या बागांतील जी-९, म्हणजे 'ग्रँड नैन' ही जात बहुतेक ठिकाणी ऊतिसंवर्धित रोपांपासून येते. या फ्रेंच नावाचा अर्थ 'मोठी बुटकी' असा काहीसा विनोदी आहे. केळीत गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. तिनाची दोनात सरळ वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही, आणि उसाला कोइमतुरात जी सुटका मिळते तीही केळीला जवळजवळ नाही. तरीही जळगावची जुनी बसराई आणि ही जी-९ एकसारख्या दिसत नाहीत, याचे कारण? दोघी कॅव्हेंडिश कुळातल्या, मुळात एकाच झाडाच्या प्रती. कधीतरी, कुठल्यातरी बागेत, एका कोंबाच्या टोकाशी प्रत काढताना चूक झाली, उंची बदलली, आणि कोणा माळ्याने ते बेट वेगळे ठेवले. म्हणजे विभाजन थकत नाही हे खरे असले तरी ते चुकते, आणि चूकही तितक्याच इमानाने पुढे नेते. प्रयोगशाळेत घाईघाईने पुनःपुन्हा वाढवलेल्या रोपांत अशा चुका वाढतात, म्हणून केळीच्या संवर्धनाच्या फेऱ्या साधारण आठांच्या पुढे नेऊ नयेत असा दंडक आहे. आपल्याच उसात याचा उलटा लाभही घेतला गेला. को ९४०१२ अर्थात 'फुले सावित्री' हा वाण कोसी ६७१ च्या पेशींच्या संवर्धनात निपजलेल्या अशाच एका बदलातून निवडलेला आहे. एका प्रकारच्या चुकीला आपण दोष म्हणतो आणि दुसरीला वाण, आणि निवाडा करणारा शेतकरीच असतो.

पुढच्या वेळी टेंभुर्णीस गेलो ते हे सारे मनात जुळवून. आबांच्या खोडव्यात आम्हांस आता पहिल्या खेपेस न दिसलेली गोष्ट दिसली. सात-आठ बेटांत केसांसारखे बारीक, पांढुरके फुटवे होते. ऊस म्हातारा झालेला नाही, आजारी आहे आणि तो आजार टिपरीबरोबर फिरला, असे आम्ही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "माझ्या बापानं एकाच ज्वारीवर जन्म काढला. ती कधी थकली न्हाई. मला वाटायचं, ती जुनी जात म्हणून." बियांच्या गाळणीची गोष्ट त्यांना लगेच पटली, आमच्यापेक्षा लवकर पटली म्हणा ना.

ती बेटे त्यांनी दुसऱ्या दिवशी मुळासकट काढून जाळली, आणि प्रमाणित बेण्यासाठी नाव नोंदवले, सध्या दहा गुंठ्यांपुरते. खुजेपणाच्या त्या न दिसणाऱ्या रोगाविषयी सांगताना आम्ही कोयता दर फडानंतर जंतुनाशकात बुडवावा असे म्हटले, तेव्हा मात्र ते हसले. तोडणीची टोळी बाहेरून येते, पहाटे अंधारात फडात शिरते, एका दिवसात एकाचा फड संपवून दुसऱ्याच्या फडाला लागते, आणि पैसे टनावर मिळतात. त्या माणसांना कोयता बुडवायला कोण थांबवणार, आणि त्या वेळेचे पैसे कोण देणार? दहा गुंठे ते स्वतःच तोडणार आहेत, स्वतःच्या कोयत्याने. बाकीच्या दोन एकरांचे अजून ठरलेले नाही.